घरचे विणकाम आणि घरचे रंग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शाळेत असताना एकदा १५ ऑगस्टला चार ओळी पाठ करून बोलायला उभी राहिले आणि तिसऱ्या ओळीला रडत खाली बसले. त्यानंतर आज उभी राहते आहे. चिटणीसबाईंनी महिन्यापूर्वी सांगितले, "तुम्ही विणकामावर बोला." मी म्हटले, "विणून दाखवते, बोलायला दुसरी कोणी बघा." त्यांनी ऐकले नाही. तेव्हा चुकले-माकले पोटात घाला. सुया हातात घेऊनच उभी राहिले आहे, कारण हात रिकामे असले की मला शब्द सुचत नाहीत.

फाल्गुन महिन्यात लोकरीवर भाषण ऐकायला बसवले म्हणून तुमच्यापैकी काहीजणी मनात हसत असतील. आपल्या आर्णीची थंडी ती केवढी! दिवाळीनंतर येते, संक्रांतीला जरा बोचते, आणि महाशिवरात्र झाली की 'शिव शिव' करीत निघून जाते. आता दुपारी पंखा लागतो. अंगणात माझ्या लोकरीच्या लडी वाळत टाकलेल्या पाहून रस्त्याने जाणारी माणसे विचारतात, "काय वो बाई, ऊन लागलं का तुमाले?" त्यांचे काही चुकत नाही. पण विणणाऱ्या बाईचे वर्ष उलटे असते. थंडीत लोक स्वेटर विकत घेतात, म्हणजे तो पावसाळ्यात विणून झालेला पाहिजे. पावसाळ्यात विणायचा तर लोकर उन्हाळ्याच्या आत रंगवून ठेवलेली पाहिजे. म्हणून माझा पाडवा फाल्गुनात येतो.

फाल्गुनच का, तेही सांगते. एक तर पळस फुलतो. दुसरे, कापसाची शेवटची वेचणी होऊन गेलेली असते आणि हाताला चार दिवस उसंत मिळते. तिसरे म्हणजे ऊन कोवळे असते, हवा कोरडी असते, लडी सावलीत टाकल्या तरी संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतात. आणि चौथे कारण तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, ते म्हणजे पाणी. रंगवायला पाणी फार लागते. चैत्र लागल्यावर हंडाभर पाण्यासाठी आपण एकमेकींची तोंडे पाहतो, तेव्हा मी लोकर खळबळत बसले तर सासूबाई मला घराबाहेर काढतील, आणि योग्यच करतील.

या दिवसांत पहाटे आम्ही तिघी शेजारणी पिशव्या घेऊन माहूरच्या रस्त्याने निघतो. गाव मागे पडले की बांधाबांधाने पळस उभे असतात. अंगावर एक पान नाही आणि झाड सगळे केशरी. एरवी आपण म्हणतो, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. फाल्गुनात तीनही नसतात. आमचा एक नियम आहे. झाडावरचे फूल तोडायचे नाही, खाली पडलेले वेचायचे. वरच्या फुलांवर साळुंक्या, मधमाशा यांचा हक्क. पडलेल्या फुलांतच पिशव्या भरून जातात, मग तोडायचे कशाला? आठ वाजेपर्यंत घरी येऊन फुले जुन्या लुगड्यावर पसरायची, देठाकडचा काळा भाग खुडून टाकायचा आणि सावलीत वाळवायची. चार दिवसांत ती इतकी हलकी होतात की आलेल्या वाऱ्याबरोबर अर्धी अंगणभर पळतात आणि मग आमच्या सासूबाई काठी घेऊन त्यांच्यामागे.

सासूबाई इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून जपून बोलते. पळसाचा रंग मला त्यांनीच शिकविला. त्यांच्या लहानपणी रंगपंचमीचा रंग बाजारातून आणायची पद्धत नव्हती. आदल्या रात्री फुले भिजत घालायची, सकाळी उकळायची, हंडाभर केशरी पाणी तयार. लहान लेकरांना उन्हाळा बाधू नये म्हणून त्याच पाण्याने आंघोळही घालीत. ते आपण अजूनही कोठे कोठे करतो. पण त्या रंगात लोकर बुडवावी हे डोके माझे, आणि त्यामुळे पुढे जी फजिती झाली तीही माझीच.

विणायला मी आत्याकडून शिकले. सुलट, उलट, टाके घालणे, मिटवणे, मुंडा घटवणे, सगळे तिने छत्रीच्या काड्या घासून केलेल्या सुयांवर शिकविले. सासरी आल्यावर फावल्या वेळी शेजारपाजारच्या बाळांना टोपरी, मोजे करून देऊ लागले. लोकर बाजारातली. एकदा पांढऱ्या लोकरीच्या दोन लडी उरल्या होत्या. मनात आले, ह्या पळसाच्या पाण्यात घालाव्या. घातल्या. तासभर उकळल्या. बाहेर काढल्या तर जशाच्या तशा पांढऱ्या! धुतल्यावर तर फुलांचा वासही राहिला नाही. मला वाटले फुले जुनी असतील. दुसऱ्या दिवशी ताजी आणली. पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, हे लोकरच नोहे."

आणि खरोखरच ती लोकर नव्हती. बाजारात आपण जिला लोकर म्हणून घेतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते, म्हणजे कारखान्यात रसायनांपासून काढलेला धागा. ती स्वस्त असते, मऊ असते, कसर लागत नाही, धुवायला सोपी. तिला नावे ठेवायचे कारण नाही, मीही विणते. पण झाडापानांचा रंग तिच्यावर चढत नाही. ओळखायचे कसे ते सांगते, कारण हे प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वासते, ज्योत दूर केली की विझते आणि राख बोटांत चुरली जाते. ॲक्रिलिक वितळते आणि मागे काळा कडक मणी राहतो. तो गरम असताना हात लावू नका, मी लावला आहे.

खरी लोकर म्हणजे मेंढीचा केसच. आपल्या केसांना मेंदी कशी धरते? तसेच. प्राण्याच्या अंगची वस्तू रंग लवकर धरते. कापसाचे तसे नाही. कापूस झाडाचा, त्याला रंग घ्यायला फार मनवावे लागते. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, वाळवायचे, मग तुरटीत, पुन्हा वाळवायचे, आणि मग रंगात. आपला हा सगळा जिल्हा कापसाचा, त्यामुळे मला सुती धागा सोडवत नाही. उन्हाळ्यातल्या बाळांना सुती टोपरी मी करतेच. पण काम दुप्पट. खऱ्या लोकरीसाठी मात्र नागपूरहून माझा भाऊ कोणाकडून तरी मागवून देतो. धनगरांकडची लोकर घोंगडीला उत्तम. बाळाच्या मानेला ती टोचते.

आता कृती. चिटणीसबाईंनी बजावले आहे की माप सांगा, नाहीतर नुसते 'अंदाजाने घाला' म्हणून मोकळ्या व्हाल.

शंभर ग्रॅम लोकरीची लडी चार ठिकाणी सैल दोऱ्याने बांधावी. दोरा घट्ट बांधला तर त्याखाली पांढरा पट्टा राहतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात ती अर्धा तास बुडवून ठेवावी, चोळू नये. लोकर चोळली, किंवा कढत पाण्यातून काढून एकदम गारात टाकली, की तिचे केस एकमेकांत गुंततात आणि ती आटून बसते. माझा पहिला रंगविलेला स्वेटर असाच आटला. सहा वर्षांच्या मुलासाठी केला होता, तो बाहुलीला बसला. नंतर दहा-बारा ग्रॅम तुरटी, म्हणजे पोह्याचे दोन चमचे पूड, गरम पाण्यात विरघळवून त्यात लडी घालावी आणि मंद आचेवर तासभर ठेवावी. पाण्यातून वाफ निघावी पण उसळी फुटू नये. दुधावर लक्ष ठेवतो तसे ठेवावे. मग भांडे उतरवून तसेच रात्रभर निवू द्यावे. तुरटी ही रंग आणि धागा यांच्यामधली मध्यस्थ आहे. ती नसली तर दोघांची ओळख होते, सोयरीक होत नाही.

दुसऱ्या भांड्यात लोकरीच्या दुप्पट वजनाची वाळलेली फुले आदल्या रात्रीच भिजत घातलेली असावीत. सकाळी तासभर उकळून गाळून घ्यावी. पाणी कोमट झाले की ओली लडी त्यात सोडावी, पुन्हा मंद आच, पुन्हा तासभर, पुन्हा भांड्यातच निवू द्यावे. निघते ती पिवळी, केशराकडे झुकलेली. तेच पाणी फेकू नये. त्यात दुसरी लडी घातली तर हळदुली निघते, तिसरी लोण्यासारखी. अशा तीन छटांची पट्टी घालून विणले की लोक विचारतात, "ही नक्षी कोणत्या पुस्तकातली?" ती नक्षी काटकसरीची.

होळीचा रंग गडद व्हावा म्हणून आपण त्यात चिमूटभर चुना घालतो. लोकरीच्या भांड्यात तो घालू नका. चुना आणि सोडा लोकरीचे वैरी. ती खरखरीत होते आणि पुढे तुटते. आणि रंगाचे भांडे, चमचा, गाळणे हे स्वयंपाकाला कधीही वापरायचे नाही. माझे वेगळे मांडणीत आहे, त्यावर लाल दोरा बांधला आहे. तरीसुद्धा एकदा ह्यांनी त्यात चहा केला होता. काही झाले नाही, पण मी दोन दिवस ह्यांच्याकडे टक लावून पाहत होते.

हे सगळे आज मी शहाण्यासारखे सांगते आहे. शहाणपण कसे आले ते सांगितले नाही तर भाषण खोटे होईल.

पळस सापडला त्या पहिल्या वर्षी माझा उत्साह फार होता. घरात जे दिसेल ते मी उकळत होते. ओळखीच्या एका घरी बारसे होते. त्यांनी कुंची सांगितली. फुले संपली होती. मी म्हटले, हळद काय वाईट? शुभ आणि पिवळीधमक. हळदीत लोकर रंगविली, कुंची विणली, घरोघर दाखवून आले. बारशाला सगळ्यांनी वाखाणली. पुढच्या आठवड्यात बाळाच्या आजीने ती साबणाने धुवायला काढली. पाण्यात घातली आणि साबण लावला, तो कुंची लाल! ओघळ लाल! बाळाच्या डोक्यावरचे वस्त्र, आणि त्यातून रक्तासारखे पाणी. आजीने जी किंकाळी फोडली ती आमच्या गल्लीपर्यंत आली म्हणतात. "माय माय! हे काय केलं वो माह्या लेकराले?" कोणी म्हणे करणी, कोणी म्हणे नजर. मला बोलावणे आले. माझे पाय लटपटत होते. पण अंगणात शिरताना एकदम आठवले, की हळदीच्या बोटांना साबण लावला की बोटे तांबडी होतात आणि लिंबू लावले की पुन्हा पिवळी. मी लिंबू मागितले. कापून त्या कुंचीवर पिळले आणि सगळ्यांच्या देखत लाल डाग पिवळे झाले. मला वाटले सुटले. पण लिंबू पाहून दोघीतिघी आणखीच मागे सरकल्या! करणीच्या बोलण्यात लिंबू म्हणजे आगीत तेल. शेवटी त्याच घरच्या थोरल्या सुनेने हळद कालवून, साबण आणि लिंबू घेऊन तीनदा करून दाखविले तेव्हा आजींचा जीव खाली आला. ती सून बारावी शिकलेली. ह्या सभागृहात ती आणि आजी दोघी आहेत. नाव सांगत नाही. हसताहेत त्यांवरून ओळखा.

त्या दिवसापासून मी हळद सोडली. आणि रंग पक्का की कच्चा हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचे ठरविले. पळसाचाही रंग खरे पाहता कच्चाच. उन्हात टाकला तर विटतो. म्हणून मी सांगून देते, की बाई, हे सावलीत वाळवा, रिठ्याने धुवा, दोन वर्षांनी फिके पडेल. काहीजणी म्हणतात मग नको. नको तर नको. त्यांना मी डाळिंबाच्या सालीचा देते. तो उन्हापाण्याला टिकतो, पण जरा मळकट पिवळा. कांद्याच्या वरच्या टरफलांचा रंग तांबूस-सोनेरी निघतो आणि टरफले फुकट. आठवडी बाजार उठल्यावर कांद्यावाल्याकडून मी पिशवीभर आणते, त्याला वाटते ही बाई म्हैस पाळते. बाभळीच्या सालीचा बदामी-तपकिरी. आणि काळा हवा असेल तर हिरडा व लोखंड. गंजके खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात पंधरा दिवस झाकून ठेवायचे. त्या पाण्याचा वास घरातल्या माणसांची परीक्षा पाहतो. हिरड्यात भिजविलेला धागा त्यात बुडविला की डोळ्यांदेखत काळवंडतो. पण हात आखडता ठेवावा. लोखंड जास्त झाले तर धागा कुजल्यासारखा तुटतो.

लाल रंगाची मात्र हौस राहिली. आमच्या आजेसासूबाई सांगत की त्यांच्या आजीच्या वेळचे लाल कापड कितीही धुतले तरी विटत नसे, तो आलाचा रंग. आल म्हणजे ज्याला काही ठिकाणी बारतोंडी म्हणतात ते झाड. त्याच्या मुळांच्या सालीतून लाल रंग निघतो. आपल्या वऱ्हाडात एके काळी त्यासाठी आलाची मुद्दाम लागवड होत असे, रंगाऱ्यांची घरे त्यावर चालत. मग ती गेली कोठे? माझ्या मुलीने मला वाचून दाखविले. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे क्विनीन बनवू पाहत होता, त्याच्या भांड्यात औषधाऐवजी जांभळा रंग तयार झाला. तेथून कारखान्याच्या रंगांना सुरुवात झाली. १८६८ साली दोन जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठातला लाल रंग डांबरापासून तयार केला. तो स्वस्त, झटपट, पक्का. त्याच्यापुढे आलाच्या शेतांनी टिकाव धरला नाही. १८९७ नंतर निळीचेही तसेच झाले. मी ऐकत होते आणि माझ्या मनात येत होते, त्या मुलाच्या हातून औषध बिघडले आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कोण्या रंगाऱ्याची चूल विझली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? माझ्या अंगावरचे हे लुगडेही कारखान्याच्या रंगाचेच आहे, तेव्हा मी कोणाला दोष द्यावा?

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. १९३८ साली गांधीजींनी ते उघडले. मगनलाल गांधींच्या नावाचे. एकदा सेवाग्रामला गेले असताना ते पाहिले. तेथे चरखे, माग, ग्रामोद्योगांच्या वस्तू आहेत आणि झाडापानांच्या रंगांची खादीही आहे. एका निळ्या कापडापुढे मी इतका वेळ उभी राहिले की बरोबरच्या बाया पुढे निघून गेल्या. मंडळाची पुढची सहल तिकडे काढावी अशी माझी सूचना आहे. ती कार्यवृत्तात लिहून घ्यावी.

आता जरा वेगळे सांगते. हे सांगावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला.

२०१७ चा पावसाळा आपल्या जिल्ह्यातली बाई विसरायची नाही. कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती आणि तिच्यात शिरून फवारणी करावी लागे. त्या फवारणीचे विष अंगात भिनून आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसएक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. आमचे हेही त्यांतलेच. शेतातून आले, डोळ्यांची आग म्हणाले, रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटे समोरचे दिसेना. नऊ दिवस दवाखान्यात होतो. मी जाताना घाईत कपड्यांच्या पिशवीत काय भरले ते पाहिले नव्हते. तेथे उघडली तर त्यात सुया आणि पळसाच्या रंगाचा गुंडा. नऊ दिवस मी खाटेच्या पायथ्याशी बसून विणीत होते. पाहणाऱ्यांना वाटले असेल, काय बाई आहे, नवरा असा पडला आहे आणि हिला विणकाम सुचते. पण हात चालू राहिले म्हणून मी शाबूत राहिले. दोन टाके सुलट, दोन उलट, यापलीकडचा विचार मी डोक्यात येऊ दिला नाही.

शेजारच्या खाटेवर एक तरणा मुलगा होता. त्याची आई माझ्याजवळ येऊन बसे. एके दिवशी म्हणाली, "माह्या सुनेले सातवा महिना हाये. एक टोपरं करून देता का बाई?" मी हातातले बाजूला ठेवून तिचे टोपरे घातले. एका रात्रीत केले. तिने पदराची गाठ सोडली, मी तिची मूठ बंद केली. आम्हाला आधी सुटी मिळाली. त्या मुलाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. तिचे गाव विचारायचे राहून गेले.

त्या टोपऱ्याचे पैसे मी हिशेबात धरत नाही. पण बाकीचा हिशेब त्या वर्षी मला मांडावा लागला. ह्यांना घरी आणले, तर त्याच साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. बोंडे फोडावी तो आत कापूस नाही, अळी. हाती काही आले नाही. त्या थंडीत मी जीव तोडून विणले. स्वेटर, टोपरे, मोजे असा बाळाचा एक संच. असे एकतीस संच विकले. लोक म्हणत, "बाईचं बरं चाललं." मलाही तसे वाटे. संक्रांतीनंतर डबा उघडला तर त्यात साडेपंधराशे रुपये.

मुलगी तेव्हा आठवीत होती. ती म्हणाली, "आई, हिशेब मांडू." तिच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. एका संचाला दीडशे ग्रॅम लोकर, तिचे दोनशे दहा रुपये. गॅस, तुरटी, रिठे, गुंड्या, फीत मिळून चाळीस. झाले अडीचशे. मी घेत होते तीनशे. राहिले पन्नास. मग तिने विचारले, "एका संचाला तास किती लागतात?" मी म्हटले, "तास कोण मोजतो?" तिने मोजायला लावले. लडी धुण्यापासून गुंड्या लावेपर्यंत चोवीस तास. पोरीने भागाकार केला आणि वही माझ्यापुढे सरकवली. तासाला दोन रुपये.

मी ती वही बराच वेळ हातात धरून बसले होते. कापूस वेचायला गेले असते तर दिवसाला दोनशे तरी मिळाले असते.

मी किंमत सहाशे केली. ठरविणे सोपे होते, तोंडाने सांगणे नव्हते. पहिले गिऱ्हाईक आले तेव्हा माझ्या घशातून 'सहाशे' निघेना, मी म्हटले, "द्या काय द्यायचे ते." तिने अडीचशे दिले. दुसरीला सांगितले. ती म्हणाली, "अगं, घरातल्या घरात तर विणतेस, बसल्या-बसल्या!" भगिनींनो, हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. बसल्या-बसल्या! धान्य निवडते बसल्या-बसल्या, शिवते बसल्या-बसल्या, पापड लाटते बसल्या-बसल्या. जणू बसलेल्या बाईचे हात दुसऱ्याच कोणाचे असतात. शिंपीदादाही बसूनच शिवतो. त्याला कोणी असे म्हटलेले मी ऐकले नाही.

म्हणणारी बाई वाईट नव्हती. माझ्या बाळंतपणात तिने मला डबे दिले आहेत. म्हणूनच बोलणे कठीण. शेजारणीकडून पैसे घ्यावे कसे? आणि न घ्यावे तर लोकरवाला मला शेजारीण मानत नाही. त्यावर सासूबाईंनी मार्ग काढला. त्यांच्या थोरल्या बहिणीने १९६२ साली चीनने हल्ला केला तेव्हा शाळेत बसून जवानांसाठी स्वेटर विणला होता. तेव्हा देशभर बायका विणत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "थे दान होतं. दान द्याचं त सांगून द्याचं, का हे दान हाये. आन् धंदा कराचा त सांगून कराचा." तेव्हापासून मी तसे करते. ज्या घरी खरोखर अडचण आहे तेथे मी टोपरे देते आणि पैशाचे नाव काढू देत नाही. बाकीच्यांना भाव आधी सांगते, आणि विचारलेच तर ती वही दाखविते. त्या वर्षी दोघी परत गेल्या. एक पुढच्या दिवाळीला आली, दुसरी आजतागायत आली नाही. रस्त्यात भेटली तर आम्ही हळदीकुंकवापुरते हसतो. त्याचे मला वाईट वाटते. आज माझा भाव साडेआठशे आहे. मुलगी म्हणते अजून कमीच आहे. ती आता महाविद्यालयात जाते, तिचे गणित मोठे झाले आहे.

ह्यांची प्रकृती आता बरी आहे. डोळे थोडे अधू राहिले. फवारणीला मी जाऊ देत नाही. त्यावरून आमचे दर पावसाळ्यात भांडण होते. संध्याकाळी लडीचा गुंडा करताना हे दोन्ही हात पुढे करून बसतात आणि मी त्यांच्या हातांवरून लोकर गुंडाळून घेते. कोणी आले की हे चटकन हात खाली घेतात, मग सगळा गुंता मला सोडवावा लागतो.

घंटा वाजली म्हणजे माझा वेळ झाला. एवढे मात्र सांगते. उद्या पहाटे साडेपाचला आम्ही फुलांना निघणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी कापडी पिशवी आणावी, प्लास्टिकची आणू नये, फुले तीत घामेजतात. चपला मजबूत घालाव्या. मागच्या वर्षी एकीने नवे लुगडे नेसून येण्याची चूक केली होती. आणि दुपारी अंगणात भांडे चढवीन तेव्हा ज्यांना कृती प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी यावे. येताना आपापल्या घरची कांद्याची टरफले आणावी. चहा मी वेगळ्या भांड्यात करीन.